मंगळवारी सांगितलेला गुरुवार

आमच्या घरात काहीही बिघडलं की ते मी बिघडवलेलं असतं. दूध उतू गेलं, गेट उघडं राहिलं, कूलरच्या टाकीत सोडलेला पाइप बंद करायचा राहिला आणि हॉलमध्ये तळं झालं, तर आधी माझं नाव निघतं आणि मग पोछा निघतो. जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव चढतं तसं घरातल्या चुकांवर माझं नाव चढलेलं आहे, आणि ते मी स्वकष्टाने चढवलेलं आहे.

हिंगण्याच्या एका कारखान्यात मी टाइमकीपर होतो. कोण किती वाजता आला, कोण आलाच नाही, कोणी दुसऱ्याचं कार्ड पंच केलं, हे पकडायचं माझं काम. अशा माणसाने एका वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबतीच्या सुट्टीची नोटीस चक्क एक दिवस आधीच्या तारखेची लावली. पहिल्या पाळीला कंपनीची बस आली ती ड्रायव्हर आणि मी, एवढ्यांनाच घेऊन. साहेबांनी विचारलं, ''मग तुम्ही कसे आलात?'' मी म्हणालो, ''साहेब, नोटीस मी लावली होती, वाचली नव्हती.'' आणखी एकदा प्रताप नगरातल्या एका लॉनवर चुकीच्या लग्नात जेवून, नवरदेवाच्या डोक्यावर हात ठेवून, फोटोत उभा राहून आलो. खरं लग्न शेजारच्या लॉनवर होतं. त्या दिवशी बायको सोबत नव्हती, म्हणून हे घडलं. ती असली की असलं काही घडत नसे. भाच्यांचे वाढदिवस, माझ्या गोळ्या, गॅसचा नंबर, माझ्याच मावसभावाच्या बायकोचं नाव, सगळं तिच्याकडे. डोक्यात काही ठेवायची मला कधी गरजच पडली नाही.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग मी चौऱ्याहत्तरीत शिरलो आणि लोक हसायचे थांबले.

एप्रिलमध्ये मुलगी हैदराबादहून आली होती. एका दुपारी आम्ही सगळे कूलरसमोर आडवे झालेलो असताना घरभर जळका वास सुटला. वरणाचा कुकर कोळसा झाला होता. शिट्टी कधीची थांबली होती, गॅस चालूच.

''हेच गेले असतीन किचनमधे,'' बायको म्हणाली. ''पानी प्यायले जातात आन् कायले तरी हात लावतात.''

गेलो होतो का मी? आठवेना. पाणी तर प्यायलो होतो. मी म्हणालो, ''असेल बुवा.'' मुलगी हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि संध्याकाळी तिने रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात माझं नाव नोंदवलं. विसरण्याच्या आजाराची तपासणी होते तिथे. तारीख मिळाली मे महिन्याच्या शेवटची.

''बाबा, नुसतं बघून घ्यायचं,'' ती म्हणाली. ''वय झालं की बघून घेतात.''

वय झालं की काय काय होतं याची माहिती मला सकाळच्या कट्ट्यावर फुकट मिळत असे. बागेच्या कोपऱ्यावर आम्ही सहा-सात म्हातारे फिरून आल्यावर चहाला बसतो. तिथे एक यादी तोंडपाठ असते: वस्तीतला कोण कोण विसरायला लागला. बँकेतले रिटायर साहेब घराचा रस्ता चुकले. दोन गल्ल्या पलीकडचे मास्तर सुनेला आई म्हणाले. यादीत एकही बाई नव्हती. ''बाया नाही विसरत बे,'' आमचा एक दोस्त सांगायचा, ''त्यायले तर तू तीस वर्साआधी काय बोल्ला, तेबी याद असते.'' सगळे माना डोलवायचे, मीही डोलवायचो. यादीत बाई नव्हती कारण कट्ट्यावर बाई नव्हती, एवढं साधं गणित आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

या यादीत पुढचं नाव माझं, हे मी मनाशी धरून बसलो. आणि मी घाबरलो. चेष्टा करता करता माणूस घाबरला की त्याची पंचाईत होते, कोणी खरं मानत नाही. मी आंघोळ करताना महिने उलटे म्हणायला लागलो. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर. पेपरच्या कडेला घड्याळं काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला लागलो. असलं काहीतरी विचारतात, असं कट्ट्यावरून कळलं होतं. म्हणजे माझी बुद्धी तपासायला जायचं होतं आणि मी त्याचीही कॉपी करायच्या तयारीत होतो.

त्यात बायकोने रोज सकाळी माझी परीक्षा सुरू केली होती.

चहाचा कप पुढे ठेवायची आणि म्हणायची, ''सांगा बरं जी, आज कोनता वार?''

''सोमवार.''

''बरोबर. तारीख?''

मी तारीख सांगायचो.

''बरोबर. काल संध्याकाळी भाजी कायची केली होती?''

''दोडक्याची. मीठ जास्त होतं.''

''बरोबर. मीठ बरोबर होतं, तोंड तुमचं खराब हाय.''

मुलीने जाताना हे काम आईवर सोपवलं असणार, असं मी धरून चाललो. पहिले काही दिवस मजा वाटली. मग राग यायला लागला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला रोज सकाळी वार विचारायचा आणि वर पहिलीतल्या पोराला म्हणावं तसं बरोबर म्हणायचं! माझ्यात जो जुना खट्याळपणा आहे, तो अशा रागातून वर येतो.

त्या मंगळवारी तिने विचारलं, ''सांगा बरं जी, आज कोनता वार?''

''गुरुवार,'' मी म्हणालो.

आता ती उसळेल, मुलीला फोन करेल, आणि मग मी पेपर दाखवून तिची जिरवेन, असा माझा बेत होता. मी चहाच्या कपावरून तिच्याकडे बघत होतो.

''बरोबर,'' ती म्हणाली. आणि पोळ्यांच्या कणकेकडे वळली.

मला वाटलं, तिचं लक्ष नव्हतं. इतकंच वाटलं. नऊ वाजेपर्यंत तर मी ते विसरलोही.

मे महिन्यात आमच्याकडे दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. दोनला जेवून मी कूलरसमोर पडलो. जाग आली ती कूलरच्या आवाजाने. टाकीतलं पाणी संपून पंप कोरडा घरघरत होता. साडेतीन झाले होते. टाकीत पाणी सोडायचं काम दुपारी तिचं. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. बाथरूम बघितलं, मागचं अंगण बघितलं. चपला नव्हत्या. दार नुसतं लोटलेलं होतं.

खिळ्याला तिचा दुपट्टा लटकत होता. डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय आणि पिशवीत कांदा टाकल्याशिवाय ही बाई मे महिन्यात कधी गेटबाहेर पडलेली नाही. मी टोपी घातली तर मला हसून म्हणायची, ''टोपीनं काय होते? कांदा घ्या.''

फोन लावला. तो फ्रीजवर वाजला.

मी निघालो. कुठे ते कळत नव्हतं. आधी पिठाच्या चक्कीवर गेलो. चक्की बंद. किराण्याच्या दुकानात गेलो, शटर अर्धं खाली आणि मालक आत झोपलेला. त्याला उठवून विचारलं. ''काकू? नाही जी, काकू तर कितीक दिवसांपासून नाही आल्या. सामान तर तुम्हीच घेऊन जाता ना.'' खरंच की. कधीपासून मी आणायला लागलो होतो? एक दिवस ती यादी हातात देऊन म्हणाली होती, ''बसून बसून पोट वाढून राहिलं तुमचं, जरा जात जा.'' मी गेलो होतो. त्यानंतर मीच जात होतो.

डांबर चपलेला चिकटत होतं. मी बागेकडे गेलो, बसथांब्याकडे गेलो, परत घरी आलो, की कदाचित ती आली असेल. नव्हती आली. पाणी प्यायलो, ते अर्धं बनियनवर सांडलं. आणि तेवढ्यात आतल्या खोलीतल्या दांडीकडे लक्ष गेलं. पांढरी साडी तिथे नव्हती. सकाळीच धुवून वाळत घातलेली पांढरी साडी.

पांढरी साडी ती एकाच ठिकाणी नेसून जाते. विहारात. दर गुरुवारी दुपारी चार वाजता तिथे बायांचं वंदना आणि वाचन असतं.

गुरुवारी.

आयुष्यात मी हजार थापा मारल्या असतील. त्यातली एकही अशी उलटून माझ्या छातीवर बसली नव्हती. आणि सकाळची ही थाप मला अर्धा तास आठवलीही नाही.

विहार घरापासून चार गल्ल्या. चौऱ्याहत्तरीतला माणूस जितका पळू शकतो तितका मी पळालो. ती तिथेच होती. गेटला कुलूप, आणि ती बाहेरच्या पायरीवर, कडुनिंबाची सावली जेमतेम गुडघ्यांपर्यंत. चेहरा लाल, ओठ सुकलेले, मांडीवर पुस्तकाची पिशवी. मला बघून ती उठली नाही.

''कोनीच आलं नाही जी,'' ती म्हणाली. ''मी कवाची बसून राहिली. चावीवाल्या बाईबी नाही आल्या.''

मी घरून उचलून आणलेली पाण्याची बाटली पुढे केली. ती घटाघटा प्यायली. मग पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे नीट बघितलं.

''आज गुरुवारच हाय ना?''

ती विचारत होती. परीक्षा घेत नव्हती. आणि मला एकदम कळलं, की तिने परीक्षा कधीच घेतली नव्हती. रोज सकाळी ती मला वार विचारत होती कारण तिला वार हवा होता. तारीख हवी होती. काल काय शिजवलं ते हवं होतं. वर 'बरोबर' म्हटलं की विचारणारा शहाणा दिसतो आणि सांगणारा परीक्षेला बसलेला.

''मंगळवार आहे,'' मी म्हणालो. ''मी चुकलो. सकाळी चुकीचं सांगितलं.''

तिने श्वास सोडला. इतका मोठा, की मला तो अजून ऐकू येतो.

''पाह्यलं?'' ती म्हणाली. ''चुकले ना! हे सांगतेच आता डॉक्टरले.''

''सांग,'' मी म्हणालो. आणि सातबाऱ्यावर आणखी एक चूक चढवून तिला हाताला धरून घरी आणलं.

संध्याकाळी गच्चीवर जाऊन मुलीला फोन केला. ''आईला माझी परीक्षा घ्यायला तू सांगितलंस ना?''

''कसली परीक्षा?''

''रोज वार-तारीख विचारायची.''

''मी कशाला सांगू? बाबा, आई तसं म्हणाली का?''

मी काहीतरी बोलून फोन ठेवला. गच्चीवरची टाकी वाहत होती. खाली मोटर तिनेच लावली होती. मी तिथे उभा राहून एकेक प्रसंग उलटा मोजायला लागलो, डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर म्हणावं तसा. कुकर. गेट. कूलरचं तळं. भाचीला दोनदा गेलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. त्यातलं माझं किती होतं? सगळं माझंच, असं मी इतक्या खात्रीने म्हणत आलो होतो की कोणाला, मलाही, दुसरीकडे बघायचं कारण उरलं नव्हतं. कारखान्यात एकाचं कार्ड दुसऱ्याने पंच केलेलं मी लांबून ओळखत असे. घरात वर्षभर मीच तिचं कार्ड पंच करत होतो आणि टाइमकीपरला पत्ता नव्हता.

तपासणीची तारीख माझ्या नावाची होती. दहा दिवस बाकी होते. तिला काय सांगायचं, हे ठरवण्यात ते दहाही गेले. रोज सकाळी ती वार विचारायची, मी पेपर बघून सांगायचो, ती बरोबर म्हणायची, आणि आम्ही दोघं चहा प्यायचो.

रामदासपेठेतल्या डॉक्टर बाई आमच्या मुलीच्या वयाच्या असतील. त्यांनी मला सगळं विचारलं. मी महिने उलटे असे फाडफाड म्हणालो की त्या हसल्या. ''काका, पाठ करून आलात का?'' मी हो म्हणालो. घड्याळ त्यांनी वेगळ्याच वेळेचं काढायला लावलं, तरी जमलं. पाचातला एक शब्द सुटला. ''तुमच्या वयाला हे ठीक आहे,'' त्या म्हणाल्या. ''तुम्ही धांदरट आहात, आणि तसे तरुणपणापासून आहात असं दिसतंय.''

''मी म्हनत नव्हती?'' बायको खूश झाली.

आता उठायचं होतं. मी उठलो नाही.

''डॉक्टर,'' मी म्हणालो, ''जोडीने आलोय तर हिचंही बघून टाका.''

''मले काय झालं?'' ती म्हणाली. पण हसत. मी मस्करी करतोय असं तिला वाटलं. माझ्या मस्करीचा एवढाच उपयोग झाला.

डॉक्टर बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग खुर्ची तिच्याकडे वळवली. शाळा, माहेर, मुलगी, यावर छान बोलणं झालं. विहारातल्या वंदनेबद्दल विचारलं, तर तिने सबंध म्हणून दाखवली, एक शब्द न अडखळता. माझ्या मनात आशेचा कोंब फुटला. मग त्या म्हणाल्या, ''आज कोणता वार आहे, काकू?''

तिने मान माझ्याकडे वळवली.

शुक्रवार होता. मला माहीत होतं. ओठावर आलं होतं. तिचे डोळे माझ्यावर होते, रोज सकाळी असतात तसेच, कौतुकाचे आणि थोडे खोडकर. एक शब्द उच्चारला असता तर ती बरोबर म्हणाली असती आणि आम्ही रिक्षा करून घरी गेलो असतो. मी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर कॅलेंडर होतं, म्हणून जमिनीकडे बघितलं.

''काकांना नका विचारू,'' डॉक्टर हळू म्हणाल्या. ''तुम्ही सांगा.''

''हेच सांगतात मले,'' ती म्हणाली.

''आज तुम्ही.''

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

''मले नाही मालूम,'' ती शेवटी म्हणाली.

पुढे बरंच झालं. रक्त, थायरॉइड, कानांची तपासणी, डोक्याचा फोटो. या सगळ्यांत दुरुस्त होणारं काही निघतं का ते आधी बघतात. तसं काही निघालं नाही. आजार होता, सुरुवातीचा. ज्या दिवशी डॉक्टर बाईंनी ते सांगितलं त्या दिवशी मी त्यांच्याशी भांडलो. दुसरा शब्द नाही.

''पण मी मोठा आहे ना? तीन वर्षांनी मोठा. पाळी तर माझी होती.''

''पाळी नसते, काका,'' त्या म्हणाल्या. वय ही यातली सगळ्यात मोठी गोष्ट, जसजशी वर्षं चढतात तसा धोका चढतो. पण म्हातारपण म्हणजे हा आजार नव्हे, आणि वयाच्या क्रमाने नंबर लागत नाही. बायकांमध्ये हा जास्त दिसतो. त्या जास्त जगतात, त्या वयाला जास्त पोचतात, हे एक. तेवढंच कारण आहे का, यावर अजून शोध चालू आहे. हॉर्मोनचं काही असेल. त्या पिढीत मुलींना शाळा कमी मिळाली, त्याचंही बोललं जातं.

''मले सातवीतून काढलं,'' बायको मध्येच म्हणाली. ''पयला नंबर होता माहा.''

''आणि एक,'' डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, ''पुरुष चुकला की दिसतं. बाईचं घर हातच्या सवयीने चालू राहतं, त्यामुळे घरच्यांना उशिरा कळतं.''

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर मी हे काढलं. यादी सुरू झाली तेव्हा विचारलं, ''तुमच्या घरच्या बायांचं कधी पाह्यलं का बे?'' दोघं चहा तसाच ठेवून लवकर घरी गेले.

डॉक्टर बाईंनी आजार सांगितला त्या दिवशी रिक्षातून परत येताना ती बाहेर बघत होती. चौकात सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तिने न वळताच विचारलं, ''त्या दिवशी गुरुवार मुद्दाम सांगितला होता ना?''

खोटं बोलायला फार जागा होती. ''हो,'' मी म्हणालो. ''गंमत म्हणून.''

''मले वाटलंच होतं. पायरीवर बसल्या बसल्या वाटलं.'' सिग्नल सुटला. ''पन मंग म्हटलं, हे चुकले असतीन तर बरं हाय. आपन नाही.''

मी तिचा हात धरला. तिने तो काढून घेतला आणि चापट मारली. जोरात. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

''यापुढं गंमत नाही करायची,'' ती म्हणाली. ''वाराची नाही करायची. बाकी करा.''

आता मी तिच्या आधी उठतो. पेपरवाला गेटमधून पेपर टाकतो तो उचलून आधी वार बघतो, मग चष्मा लावून पुन्हा बघतो. चूक करायचा हक्क मी उभ्या आयुष्यात मनसोक्त वापरला, आता दिवसातून एकदा तरी मला बरोबर असावं लागतं. नोटीस लावणारा माणूस आहे मी.

आज सकाळी तिने कप पुढे ठेवला. एकच कप. दुसरा करायचा राहिला होता, तो मी उठून केला.

''सांगा बरं जी, आज कोनता वार?''

''बुधवार.''

ती बरोबर म्हणाली नाही. आताशा म्हणत नाही.

''पक्कं?''

''पेपर दाखवू?''

''दाखवा.''

मी पेपर तिच्यासमोर धरला. तिने वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर जुळवत, सातवीत पहिल्या आलेल्या मुलीसारखं मोठ्याने वाचलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

''हाय,'' ती म्हणाली. ''बुधवारच हाय.''